जुन्या इंजिनाची नाडीपरीक्षा

(इंजिन जुने झाले म्हणजे त्याचा कोणता भाग झिजतो, ती झीज कशी ओळखावी आणि कशी मोजावी, याची माहिती या पाठात दिली आहे. अंदाजाने केलेले काम आणि मोजून केलेले काम यांतील फरकही त्यातून ध्यानात येतो.)

वाशिमहून अकोल्याकडे किंवा हिंगोलीकडे जाताना रस्त्याच्या कडेला मोटारदुरुस्तीची गॅरेजे दिसतात. बाहेर एखादा ट्रॅक्टर, दोनचार मोटारसायकली, एखादी जीप उभी असते. अशाच एका गॅरेजात एकदा एक जुनी फियाट दोरीने ओढून आणली. ती एका तरुण शेतकऱ्याच्या आजोबांनी घेतलेली होती. आजोबा वारल्यावर सहा वर्षे ती अंगणातल्या कडुनिंबाखाली उभीच होती. नातवाला ती पुन्हा चालू करायची होती. पण खिशात पैसे मोजकेच होते. कोणी त्याला म्हणाले, "इंजिन संपले. बोअर करून नवे पिस्टन टाका." कोणी म्हणाले, "नुसत्या रिंगा बदला, काम भागेल." दोघांनीही इंजिन उघडून पाहिले नव्हते.

गॅरेजचे मिस्त्री वयस्कर होते. ते म्हणाले, "भाऊ, आधी मापू, मग बोलू."

मिस्त्रींनी काय मापले आणि कसे मापले, हे समजण्यासाठी आधी इंजिनाच्या पोटात काय असते ते पाहू या.

फियाट ही गाडी तशी आपल्या महाराष्ट्रातच तयार झालेली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तेथे फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. पुढे १९७० नंतरच्या दशकात तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची झाली. एकविसावे शतक सुरू होण्याच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सींचीही सेवा संपली. लोक मात्र तिला अजूनही फियाटच म्हणतात.

या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर एका ओळीत असतात. सिलिंडर म्हणजे लोखंडाच्या ठोकळ्यात कोरलेली गोल, गुळगुळीत पोकळी. गणितात आपण तिला वृत्तचिती म्हणतो. प्रत्येक सिलिंडरचा आतील व्यास ६८ मिलिमीटर असतो. त्यात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, ७५ मिलिमीटर खाली-वर सरकतो. आता वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, उंची ७.५ सेंटिमीटर, सिलिंडर चार. उत्तर सुमारे १०८९ घन सेंटिमीटर येते. म्हणूनच या गाडीच्या नावात '११००' हा आकडा आहे.

पिस्टन खाली जाताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो. वर येताना ते दाबतो. मग प्लगमधून ठिणगी पडते. मिश्रण जळते आणि तापलेला वायू पिस्टनला जोराने खाली ढकलतो. पुन्हा वर येताना पिस्टन जळलेला धूर बाहेर घालवतो. अशा चार फेऱ्यांत एक काम पुरे होते. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये या पद्धतीचे इंजिन यशस्वी करून दाखवले.

येथे एक अडचण आहे. पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि सिलिंडर लोखंडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगते. पिस्टन सिलिंडरात अगदी घट्ट बसवला, तर तापल्यावर तो अडकून बसेल. म्हणून दोघांमध्ये थोडी जागा ठेवावी लागते. पण जागा ठेवली तर दाबलेला वायू तिच्यातून खाली निसटेल. मग करायचे काय?

त्यावरचा उपाय म्हणजे रिंग. पिस्टनच्या वरच्या भागावर गोल खाचा असतात. त्या खाचांत बिडाच्या कड्या बसवतात. कडी एका ठिकाणी कापलेली असते. त्यामुळे ती स्प्रिंगसारखी बाहेर फाकते आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहते. अशी कापलेली कडी जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याने १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी तयार केली. आजच्या मोटारसायकलीतही तीच युक्ती आहे.

रिंगा तीन कामे करतात. वरच्या रिंगा वायूचा दाब अडवतात. खालची रिंग भिंतीवरचे जादा तेल खरवडून खाली पाठवते. आणि पिस्टनची बरीच उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीला जाते. या तीन कामांपैकी एक जरी बिघडले, तरी इंजिन तक्रार करू लागते.

रिंगांना किती घासावे लागते, याचा हिशोब करून पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर पिस्टन मिनिटाला ३००० वेळा खाली व ३००० वेळा वर जातो. म्हणजे मिनिटाला ४५० मीटर आणि तासाला २७ किलोमीटर. गाडी वाशिमहून निघून तासभर धावली, तर तेवढ्या वेळात प्रत्येक पिस्टन जागच्या जागी २७ किलोमीटर घासला जातो. मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून निभावते. तेल खराब झाले, किंवा हवेच्या गाळणीतून धूळ आत शिरली, तर झीज झपाट्याने होते. आपल्याकडची उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की ती घासकागदासारखे काम करते.

आता गॅरेजात परत जाऊ.

गाडी सहा वर्षे उभी होती. अशा गाडीचे इंजिन एकदम बळजबरीने फिरवू नये. रिंगा गंजून भिंतीला चिकटलेल्या असतात. जोर केला तर त्या तुटतात. मिस्त्रींनी चारही प्लग काढले आणि प्रत्येक भोकातून थोडे तेल आत सोडले. दोन दिवस ते तसेच मुरू दिले. तिसऱ्या दिवशी पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवले. ते मोकळे झाल्यावर नवे तेल, नवे पेट्रोल आणि चांगली बॅटरी घालून गाडी चालू केली.

इंजिन चालू झाले. पण मागून निळसर धूर येऊ लागला. धुराचा रंग ही पहिली खूण. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळत आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर पाणी आत शिरत असावे. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. ते झिजलेल्या रिंगांजवळून वर येत असेल, किंवा व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून खाली गळत असेल. धूर एवढेच सांगतो. धुरावरून इंजिन बोअर करण्याचा निर्णय घेणे म्हणजे खोकला ऐकून थेट शस्त्रक्रिया ठरवण्यासारखे आहे.

दुसरी परीक्षा दाबाची. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, एकेका भोकाला दाबमापक लावला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन फिरवले. पहिल्या सिलिंडरचा दाब दर चौरस इंचाला ११५ पौंड, दुसऱ्याचा ११२, तिसऱ्याचा फक्त ७० आणि चौथ्याचा ११४ पौंड आला.

"तिसरा आजारी आहे," तरुण म्हणाला.

"आजार कुठला, ते पाहू," असे म्हणून मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडले आणि पुन्हा दाब मोजला. आता तो १०५ पौंड झाला.

ही परीक्षा फार सोपी आणि फार उपयोगी आहे. तेलाने रिंग आणि भिंत यांमधली फट काही वेळ बुजते. तेलानंतर दाब वाढला, तर दोष रिंगांचा, पिस्टनचा किंवा सिलिंडरचा असतो. दाब वाढलाच नाही, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेडखालच्या गॅस्केटचा असतो. इंजिन न उघडता एवढे कळले. आता उघडणे भाग होते.

हेड उतरवले. खालचे तेलाचे चेंबर काढले. पिस्टन बाहेर काढण्याआधी मिस्त्रींनी प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवले. जुन्या इंजिनात तेथे नखाला एक बारीक कंगोरा लागतो. तो कशामुळे तयार होतो? पिस्टन वर येऊन क्षणभर थांबतो आणि मग खाली वळतो. त्या क्षणी वरची रिंग भिंतीवर स्थिर असते, दाब आणि उष्णता सर्वांत जास्त असते आणि तेलाचा थर तुटतो. म्हणून सिलिंडर तेथेच सर्वाधिक झिजतो. त्याच्याही वर रिंग पोहोचतच नाही. तेथे धातू जसाच्या तसा राहतो. झिजलेल्या आणि न झिजलेल्या भागांमधली पायरी म्हणजे हा कंगोरा.

कंगोरा मोठा असेल तर तो आधी कापून काढावा लागतो. नाहीतर पिस्टन बाहेर ओढताना रिंगा त्यावर अडकतात आणि पिस्टनच्या खाचांच्या कडा फुटतात. या गाडीत तो नखाला जेमतेम लागत होता. मिस्त्रींनी पिस्टन काढले आणि प्रत्येकावर त्याचा क्रमांक टाकला. कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरातला, यात चूक झाली तर पुढची सगळी तपासणी वाया जाते.

पिस्टन रॉकेलने धुतले. आता डोळ्यांचे काम. पिस्टनच्या अंगावर उभे, खोल ओरखडे असतील तर धूळ आत गेली होती असे समजावे. एका बाजूचा धातू घासून चोपडल्यासारखा दिसला, तर इंजिन तापले होते किंवा तेल कमी पडले होते. खाचांच्या मधल्या पट्ट्यांना चीर गेली असेल, किंवा माथा जळून खड्डा पडला असेल, तर तो पिस्टन बाद. या चारही पिस्टनांवर हलके ओरखडे होते, चीर कोठेही नव्हती. तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग मात्र कार्बन आणि गंज यांमुळे खाचेतच अडकून बसली होती. ती बाहेर फाकतच नव्हती. दाब तेथूनच निसटत होता.

रिंगा काढल्यावर मिस्त्रींनी एक तुटकी जुनी रिंग घेतली आणि तिच्या टोकाने खाचांमधला कार्बन खरवडला. रिंग खाचेच्या मापाचीच असल्याने खाच नीट साफ होते. पण हात हलका ठेवावा लागतो, कारण अॅल्युमिनियम मऊ असते. मग खाचेत नवी रिंग ठेवून बाजूच्या जागेत फिलर गेजची पट्टी घालून पाहिली. फिलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. रिंगेच्या बाजूला साधारण ०.०५ मिलिमीटर जागा असावी. ०.१५ मिलिमीटरची पट्टी सहज आत गेली, तर खाच रुंद झाली असे समजावे. तशा खाचेत रिंग खाली-वर आपटते आणि पंपासारखे तेल वर ढकलते. येथे खाचा ठीक निघाल्या.

यानंतर सर्वांत महत्त्वाचे माप. मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरची जुनी वरची रिंग घेतली. ती त्याच सिलिंडरात अगदी खाली, जेथे झीज जवळजवळ नसते तेथे, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवली. रिंगेच्या दोन टोकांमधील फट मोजली. ती ०.६० मिलिमीटर भरली. मग तीच रिंग वर, कंगोऱ्याच्या खाली बसवून फट पुन्हा मोजली. ती ०.८५ मिलिमीटर भरली.

या दोन आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली गोष्ट रिंगेची. नव्या रिंगेची फट सिलिंडरच्या व्यासाच्या दर १०० मिलिमीटरमागे साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवतात. ६८ मिलिमीटर व्यासाला ती सुमारे ०.२० ते ०.२७ मिलिमीटर येते. येथे न झिजलेल्या जागीही ती ०.६० होती. म्हणजे रिंग स्वतः झिजली होती.

दुसरी गोष्ट सिलिंडरची. रिंग तीच, तरी वर तिची फट ०.२५ मिलिमीटरने वाढली. म्हणजे वरच्या भागाचा परीघ तेवढा मोठा झाला होता. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, हे आपण शाळेत शिकतो. तेव्हा ०.२५ ला ३.१४ ने भागावे. उत्तर सुमारे ०.०८ मिलिमीटर. सिलिंडरचा व्यास वर एवढाच वाढला होता. ही झीज साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढी आहे. बाकीच्या तीन सिलिंडरांत ती याहूनही कमी निघाली.

पण सिलिंडर सगळीकडून सारखा झिजत नाही. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो ती बाजू जास्त झिजते आणि गोल लंबगोल होतो. ते रिंगेच्या फटीवरून कळत नाही. त्यासाठी बोअर गेजने आडवे-उभे माप घ्यावे लागते. मिस्त्रींनी लेथवाल्याकडून तो गेज मागवला आणि तेही माप घेतले. पिस्टनही मायक्रोमीटरने मापले. ते पिनेच्या काटकोनात, खालच्या भागावर. पिस्टन मुळातच किंचित लंबगोल आणि वर निमुळता बनवलेला असतो, म्हणून भलत्या जागी माप घेतले तर चांगला पिस्टनही झिजलेला वाटतो.

जुन्या मोटारींच्या बाबतीत सिलिंडरची झीज ०.१५ मिलिमीटरच्या आसपास गेली की साधारणपणे बोअर करावा लागतो. अचूक मर्यादा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बोअर करणे म्हणजे सिलिंडर आतून थोडा कापून मोठा करणे आणि त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे. तेव्हा झीज जास्त असताना नुसत्या रिंगा बदलणेही चूकच. नव्या रिंगेची धारदार कड जुन्या कंगोऱ्यावर आपटते आणि रिंग तुटते. थोडे वाचवायला जावे आणि सगळे गमवावे, असे होते.

पण गरज नसताना बोअर करणे ही त्याहून मोठी चूक. सिलिंडर ठरावीक पायऱ्यांनीच मोठा करता येतो आणि भिंतीची जाडी मर्यादित असते. शेवटची पायरी संपली की आत लायनर बसवावा लागतो आणि तो खर्च मोठा असतो. नव्या गाडीचे इंजिन बदलून मिळते. या गाडीचे कारखान्यातून यायचे केव्हाच बंद झाले.

तरुणाने विचारले, "उस्ताद, मग बोअर नको ना?"

"नको. कापलेले लोखंड पुन्हा चिकटत नाही. ही पायरी पुढच्यासाठी राहू द्या."

मिस्त्रींनी नव्या रिंगा आणल्या आणि प्रत्येक रिंग सिलिंडरात बसवून तिची फट आधी तपासली. फट फार कमी असेल तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. गुळगुळीत झालेल्या भिंतींवर त्यांनी दगडाने बारीक तिरकस रेघा ओढून घेतल्या. त्या रेघांत तेल टिकते आणि नव्या रिंगा लवकर बसतात. इंजिन बांधून झाल्यावर त्यांनी तरुणाला बजावले, "पहिले काही दिवस गाडी पळवू नका. तेल वेळेवर बदला. हवेची गाळणी साफ ठेवा." आठवड्याने पुन्हा दाब मोजला. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे झाले होते. निळा धूर थांबला होता.

तरुणाचे बरेच पैसे वाचले. आजोबांच्या गाडीचे मूळ सिलिंडरही वाचले. शेतातले डिझेल इंजिन असो, ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, झीज ओळखण्याची रीत सगळीकडे हीच आहे. आधी धूर पाहा, मग दाब मोजा, मग उघडा, मग माप घ्या आणि सर्वांत शेवटी खर्चाचा निर्णय करा.

शब्दार्थ

वयस्कर – वयाने मोठा. खाच – कोरलेली अरुंद जागा. बीड – साच्यात ओतून घडवलेले लोखंड. कंगोरा – वर उचललेली कड. ओरखडा – घासल्याने उमटलेली रेघ. निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा. जुडगा – एकत्र बांधलेला संच. निभावणे – कसेबसे पार पडणे. बाद – निरुपयोगी. बजावणे – निक्षून सांगणे. नाडीपरीक्षा – नाडी पाहून रोग ओळखणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी कोणी व केव्हा स्थापन केली?
(आ) निळा धूर कशाची खूण आहे?
(इ) बराच काळ उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन बळजबरीने का फिरवू नये?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) रिंगांची तीन कामे कोणती?
(आ) सिलिंडरात चमचाभर तेल सोडल्यावर दाब वाढला, तर काय समजावे? वाढला नाही, तर काय समजावे?
(इ) सिलिंडरच्या वरच्या भागात कंगोरा कसा तयार होतो?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) मिस्त्रींनी खाली व वर मापताना एकच रिंग वापरली.
(आ) मिस्त्रींनी इंजिन बोअर केले नाही.

प्र. ४. एका सिलिंडरात रिंगेची फट खाली ०.४० मिलिमीटर आणि वर १.०३ मिलिमीटर भरली. सिलिंडरचा व्यास वर किती वाढला? तुम्ही मालकाला कोणता सल्ला द्याल?

प्र. ५. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आढळतात. त्यांचे मराठीतील अर्थ लिहा व वाक्यांत उपयोग करा.
अंदाज, हिशोब, खर्च, मालक, कारागीर, दुरुस्ती, तक्रार.

उपक्रम : तुमच्या गावातील गॅरेजला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथील पाच अवजारांची नावे व त्यांचे उपयोग मराठीत लिहून आणा.